उमापुरात मी पढवलेली दहा माणसं

बीडमध्ये माझं दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज आहे. दोन्ही ईद आणि एखादं मयत सोडलं तर त्याचं शटर दिवसभर खाली राहिलं असं कधी झालं नव्हतं. गेल्या दिवाळीनंतर मात्र ते सलग सात दिवस बंद होतं. परत आलो तर जो येईल तो विचारी, "मिस्त्री, कावून बंद व्हतं दुकान? घरी सगळं बरं हाय ना?" पहिल्या आठ-दहा जणांना मी सगळी हकिगत सांगितली, मग घसा बसला. तेव्हा ठरवलं, एकदाच लिहून काढावं आणि विचारणाऱ्याच्या हातात कागद द्यावा.

दुसरंही कारण आहे. आमच्या गल्लीतली माणसं काश्मीरला जातात, मक्केला उमऱ्याला जातात आणि आल्यावर वर्षभर तिथलंच सांगत बसतात. लिंबागणेश, उमापूर, धर्मापुरी इथं कुणी प्रवासाला म्हणून जात नाही. मी गेलो. बीड जिल्ह्यातून निघून बीड जिल्ह्यातच गेलो आणि सांगण्यासारखं एवढं घेऊन आलो की नुकत्याच उमऱ्याहून आलेल्या मेहुण्यालाही मी तोंड उघडू दिलं नाही.

जाण्याचं निमित्त माझी मुलगी तहसीन. ती विद्यापीठात समाजशास्त्रात एम. ए. करते, तिथल्याच वसतिगृहात राहते. समाजशास्त्र म्हणजे काय असं पहिल्या वर्षी कुणी विचारलं की मी "समाजाचं शास्त्र" एवढं सांगून पाना शोधायला खाली वाकायचो. आता बरंच कळतं. आमच्या खानदानात पदवी घेणारी ती पहिली, आणि पदवीच्या पुढं जाणारी आख्ख्या गल्लीत पहिली. हे मी नव्या गिऱ्हाइकाला सांगतोच, जुन्यालाही सांगतो. जुनं गिऱ्हाईक हसतं, पण गाडी माझ्याकडेच आणतं.

शेवटच्या वर्षाला तिला लघुशोधप्रबंध लिहायचा होता. विषय असा की सुतार, लोहार, कुंभार, शिंपी अशांच्या हातातलं काम घरात पुढच्या पिढीकडं जातं का, जात असलं तर कसं, आणि नसलं तर का नाही. तीन गावं, तीस मुलाखती. दिवाळीआधी ती टायफॉइडनं महिनाभर अंथरुणात होती, त्यामुळं सगळं मागं पडलं. तिच्या गाईड मॅडमनी फोनवर स्पष्ट सांगितलं की सुट्टी संपल्यावरच्या सोमवारी तीस मुलाखती टेबलावर पाहिजेत, नाहीतर नाव पुढच्या वर्षीच्या यादीत. हातात उरले सहा दिवस. एसटीच्या भरवशावर तीन गावं सहा दिवसांत होत नसतात. मी म्हणालो, "मी नेतो." तिची अम्मी मला ओळखून आहे. ती म्हणाली, "तुम्ही फक्त गाडी चालवा. मध्ये बोलू नका." मी मान डोलावली.

लिहिण्याआधी दोन गोष्टी सांगतो. घरात आम्ही आपल्या दखनीत बोलतो, पण माझी शाळा मराठी, त्यामुळं लिहिताना सगळं मराठीत देतोय. आणि माणसांची नावं मी बदलली आहेत. ही तहसीनची सक्त ताकीद आहे. गावांची नावं खरी ठेवू दिली, एवढीच मेहरबानी.

मांजरसुंब्याच्या अलीकडे

मंगळवारी सकाळी निघालो. तहसीनच्या फॉर्मांची पिशवी, अम्मीचा डबा, पाण्याची बाटली, सतरंजी. एवढं सगळं गाडीवर मावेना म्हणून मी अवजारांची पिशवी काढून घरी ठेवली. माझी गाडी मी स्वतः पार्ट जोडून उभी केलेली, ती रस्त्यात बंद पडेल असं माझ्या मनातही आलं नाही. मांजरसुंब्याच्या अलीकडं क्लच वायर तुटली.

चौकापर्यंत गाडी ढकलत नेली. तिथं माझ्याच वयाचा एक मिस्त्री बसला होता. मी आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसलो, आणि खरं सांगतो, त्या स्टुलावर बसून गप्प राहणं फार अवघड काम आहे. "आधी लिव्हर सैल करा," मी म्हणालो. थोड्या वेळानं म्हणालो, "वायरला जरा ग्रीस लावा." त्यानं हात थांबवून माझ्याकडं पाहिलं.

"तुमी काय मिस्त्री हायेत का?"

अवजारांशिवाय गाडी ढकलत आलेल्या माणसानं यावर हो कसं म्हणायचं? "न्हाई, आपली आवड हाय," मी म्हणालो. तहसीन रस्त्याकडं तोंड करून उभी होती आणि तिचे खांदे हलत होते. पुढं लिंबागणेशपर्यंत ती मागं बसून मधूनच हसत होती.

लिंबागणेश

बालाघाटाच्या डोंगरात शिरलं की हवा बदलते. दिवाळीनंतरचे दिवस, दोन्ही बाजूंना सीताफळांची झाडं, शेवटची फळं उतरवणं चाललेलं. गावात माझं जुनं गिऱ्हाईक आहे, अंकुश बप्पा. इकडं वडीलधाऱ्या माणसाला बप्पा म्हणतात. शेती मोठी, गावात शब्दाला वजन. त्यांनी आमची राहायची सोय केली आणि गावात निरोप धाडला की पोरगी शिकायला आलीय, तिला बोला.

जेवायला धपाटे, दही, मिरचीचा ठेचा आणि नंतर पाटीभर सीताफळं. आमच्याकडं दस्तरखान अंथरला की यजमान पाहुण्याच्या शेजारीच बसून जेवतो. इथं बप्पा जेवलेच नाहीत. आम्ही उठेपर्यंत समोर बसून राहिले आणि वाढणाऱ्या सुनेला नुसतं डोळ्यानं सांगत राहिले. मी तोंडानं "बस, बस" म्हणत होतो आणि धपाटं ताटात पडतच होतं. चौथ्याला कळलं की इथं नको म्हणायचं असेल तर ताटावर आडवा हात धरावा लागतो. तोवर उशीर झाला होता.

गावच्या गणपतीच्या देवळाबाहेर चांगली सावली आहे. तहसीन मुलाखती घेत होती तेव्हा मी तिथं बसायचो. पुजाऱ्यांनी विचारपूस केली, खोबऱ्याचा तुकडा हातावर ठेवला आणि मी बीडचा मिस्त्री आहे म्हटल्यावर स्कूटर दाखवायला घेऊन गेले. त्यांच्याच डिकीतल्या पान्यानं प्लग साफ करून दिला. तेवढ्यात बातमी गावभर झाली, आणि दुसऱ्या दिवशी देवळासमोर पाच गाड्या उभ्या होत्या.

मुलाखत कशी असते हे मी इथं पहिल्यांदा पाहिलं. एका सुताराच्या ओट्यावर, थोडा लांब बसून. तहसीन प्रश्न विचारायची आणि गप्प बसायची. नुसती गप्प. तिचा शेवटचा प्रश्न सगळ्यांना एकच होता: तुमचं काम तुमच्या लेकरानं करावं असं वाटतं का? तो विचारल्यावर सुतार काही बोललाच नाही. रंधा मारत राहिला. एक फळी संपली, दुसरी घेतली. माझ्या पायाला मुंग्या आल्या. मला वाटलं, याला प्रश्न कळला नाही, हिनं समजावून सांगायला नको का? ही आपली वही मांडीवर घेऊन शांत. बऱ्याच वेळानं तो बोलायला लागला आणि अर्धा तास थांबला नाही.

मला त्यातलं एवढंच दिसलं की अर्धा तास वाया गेला. लिंबागणेशच्या बारा मुलाखतींना पुरे दोन दिवस लागले. उमापूरच्या दहा, धर्मापुरीच्या आठ बाकी होत्या. गाडीवर बसल्याबसल्या मी हिशेब मांडला आणि माझं डोकं चालायला लागलं. माझं डोकं चालायला लागलं की घरात सगळे सावध होतात, पण तहसीन मागं बसली होती, तिला ते दिसलं नाही.

उमापूर

उमापूर गेवराई तालुक्यात, जिल्ह्याच्या वरच्या टोकाला. डोंगर संपले, सपाट काळी जमीन आणि कापूस. वेचणी चालू होती, बायका ओटीत कापूस भरून बांधावर बसलेल्या. गावात तहसीनच्या अम्मीची खाला, म्हणजे मावशी, राहते. गुरुवारी सकाळी तिच्या दारात पोचलो तर लिंबाखाली पंधरा-वीस माणसं जमलेली. खालानं आधीच सगळीकडं सांगून ठेवलं होतं की माझी नात मोठ्या कॉलेजातून येतेय, लिहून घ्यायला.

लिहून घ्यायला म्हटल्यावर लोकांना एकच कळतं. एक लोहार पुढं आला. त्याला मी भानुदास म्हणतो. "मिस्त्री, घरकुलाचा सर्वे हाय का? मी आधार कार्ड आनलंय."

मी म्हणालो, "घरकुल न्हाई. माझी पोरगी पुस्तक लिव्हतीय. तुमच्या कामाचं."

निम्मे लोक निघून गेले. बाकीचेही हलायच्या बेतात दिसले. आत ओसरीवर तहसीन फॉर्म मांडत होती, पहिली मुलाखत अजून सुरू व्हायची होती. बाहेर ही माणसं ताटकळत. मग मी ते केलं, जे अम्मीनं करू नका म्हणून सांगितलं होतं.

"हे बघा," मी म्हणालो, "तुमचा वेळ जायला नको. ती काय इचारनार ते मी आदीच सांगतो." लिंबागणेशात ऐकून ऐकून प्रश्न मला पाठ झाले होते. एकेक प्रश्न सांगितला आणि काय बोललं तर चांगलं दिसेल तेही सांगितलं. शेवटच्या प्रश्नावर मी जास्त जोर दिला. "लेकरानं हे काम करावं का म्हनून इचारलं की दबकायचं न्हाई. ठासून सांगायचं, माझ्या कामाचा मला अभिमान हाय, अन् लेकरानं बी हेच करावं. विद्यापीठातली मोठी माणसं वाचनार हायेत. बीड जिल्ह्याची शान राहिली पाहिजे."

मला त्यात काही खोट दिसली नाही. परीक्षेला जाणाऱ्या लेकराची आपण तयारी करून घेतो, तसंच हे. भानुदासनं तर माझ्यासमोर दोनदा म्हणून दाखवलं. तो जरा अडखळत होता, त्याला मी तिसऱ्यांदा म्हणायला लावलं.

त्या दिवशी मुलाखती अशा झाल्या जसं नवं इंजिन चालतं. एक बाहेर, एक आत. दुपारी खालानं ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी वाढली तेव्हा सहा झाल्या होत्या. मी पोटभर जेवलो. तहसीन जेवताना वही चाळत होती आणि तिच्या कपाळावर आठी होती. मला वाटलं, दमली असेल.

उन्हं कलली तेव्हा दहावी मुलाखत आली, कुंभारीणबाई चंद्रभागाबाईंची. वय सत्तरीच्या आसपास, हात मातीनं भेगाळलेले. मी ओसरीच्या कडेला चहा पीत होतो. शेवटचा प्रश्न आला. बाई थांबल्या, माझ्याकडं वळून पाहिलं आणि मग तहसीनला म्हणाल्या, "पोरी, तुझ्या बापानं शिकवलंय तसं म्हनू, का माझं म्हनू?"

तहसीननं लिहिणं थांबवलं. "काय शिकवलंय?"

"तेच की. अभिमान हाय, लेकरानं बी हेच करावं. सकाळधरनं सगळ्यानी तेच म्हनलं असंल. भानुदास तर घरी जाऊन बी म्हनत व्हता."

तहसीननं वहीची पानं उलटली. आधीच्या नऊच्या नऊ पानांवर तेच वाक्य होतं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं पेन उचललं, प्रत्येक पानावर वरपासून खालपर्यंत एक तिरकी रेघ मारली, आणि बाईंना म्हणाली, "आजी, उद्या येऊ का मी तुमच्या घरी?" बाई म्हणाल्या, "ये की."

संध्याकाळी ती माझ्याशी बोलली ती एकदाच. "अब्बा, ते काय बोलतात हे ऐकायलाच तर मी आले होते." इतक्या वर्षांत कुणाची गाडी माझ्या हातून बिघडून गेली नव्हती, आणि पोरीचं आख्खं वर्ष मी एका दिवसात बिघडवून ठेवलं होतं. मला फार लाज वाटली. तिला तीस पाहिजेत, झाल्यात बारा, उरलेत तीन दिवस, आणि हे सगळं माझ्या शहाणपणामुळं.

दहा दारं

शुक्रवारी सकाळी तिनं मला उठवलं. "चला. तुम्हाला यायचंय." तिनं रात्रीतून ठरवलं होतं की त्याच दहा जणांकडं परत जायचं. प्रत्येक दारात मी तिच्या देखत सांगायचं की काल मी जे पढवलं ते विसरा, आणि मग आवाज ऐकू येणार नाही इतकं लांब जाऊन बसायचं.

दहा दारांत जाऊन चूक कबूल करणं म्हणजे काय ते करून बघावं. शिंप्यानं हसून खुर्ची दिली. चांभार म्हणाला, "मंग काल म्हनलं ते खोटं व्हतं का?" भानुदास लोहार भाता सोडून बाहेर आला, माझं सगळं ऐकून घेतलं आणि जरा खट्टू होऊन म्हणाला, "मिस्त्री, पर चांगलं वाटलं व्हतं की म्हनायला." मग आत जाऊन तहसीनसमोर बसला आणि दीड तास बसला. मी गावाबाहेरच्या पाण्याच्या टाकीपाशी बसून राहिलो. कुणाची गाडी दुरुस्त केली नाही, कुणाशी बोललो नाही.

शुक्रवारी नऊच दारं झाली. चंद्रभागाबाईंचं घर शनिवारी सकाळी, सगळ्यात शेवटी. मी माझं म्हणून निघालो तर बाईंनी थांबवलं. "तू बी बस, मिस्त्री. परवा तूच शिकवलंस, आज तू बी ऐक." मी तहसीनकडं पाहिलं. तिनं मान हलवली, तेव्हा बसलो. उंबऱ्याजवळ, तोंड मिटून.

बाई बोलल्या ते असं: "आमच्यात बाईनं चाकाला हात लावायचा न्हाई. माती मळायची, मडकं थापटायचं, भट्टी लावायची, डोक्यावर घेऊन बाजार करायचा. सगळं बाईचं. चाक तेवढं गड्याचं. मालक गेले तवा संक्रांत तोंडावर आलती. सुगड्याला मानसं दारात येऊन जायची. लेक पुण्याला टेम्पोवर. मंग मी एक दिस दार लावलं अन् बसले चाकावर. पयल्या दिशी एक बी सुगडं उभं राहिलं न्हाई. धा दिवस लागले. आता सात वर्सं झाली, दार लावून फिरवते. गावाला ठावं हाय. कुणी इचारत न्हाई, मी सांगत न्हाई."

तहसीननं शेवटचा प्रश्न विचारला आणि गप्प बसली. या वेळी मला मुंग्या आल्या नाहीत. बाहेर कोंबड्या फिरत होत्या. बाईंनी हातावरची वाळलेली माती चोळून काढली.

"लेकाला मी म्हनते, येऊ नको बाबा, तिकडंच बरा हाइस. अन् चाकावर बसले की वाटतं, ह्याला शिकवलं असतं तर बरं झालं असतं. ह्यातलं कंचं लिव्हायचं ते तू बघ."

"दोन्ही लिहिते, आजी," तहसीन म्हणाली.

निघताना तिनं विचारलं, हे सगळं लिहिलं तर चालेल का, नाव आणि काम दोन्ही बदलते. बाई म्हणाल्या, "नाव बदल. काम राहू दे. आता लपवून कुनाला भ्यायचंय?" म्हणून ते मीही इथं तसंच ठेवलं आहे. गावाबाहेर पडल्यावर मी गाडी थांबवली आणि तहसीनला म्हणालो, "हे मी केलं नसतं तर दुसऱ्यांदा यावं लागलं नसतं, हे खरंय. पण तू जे केलंस ते मला जमलं नसतं. मी असतो तर तसेच दहा कागद देऊन टाकले असते." ती म्हणाली, "माहितीय." आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

धर्मापुरी

उमापूर एका टोकाला, धर्मापुरी दुसऱ्या. गेवराई, बीड, केज, अंबाजोगाई असा आख्खा जिल्हा आडवा कापत शनिवारची दुपार आणि संध्याकाळ गेली. कमरेचं काय झालं ते लिहीत नाही. केजजवळ गरम भजी खाल्ली, एवढाच त्या प्रवासातला आनंद.

धर्मापुरीला जुनं दगडी देऊळ आहे. भिंतींवर बायकांच्या मूर्ती कोरलेल्या, कुणाच्या हातात काय, कुणाच्या हातात काय. रविवारी सकाळी तहसीन कामाला लागली आणि मी देवळाभोवती दोन फेऱ्या मारल्या. कोरणाऱ्यानं एकेका बोटाची नखंसुद्धा सोडलेली नाहीत. हे काम त्याला कुणी शिकवलं असेल आणि त्यानं कुणाला शिकवलं असेल, असं माझ्या मनात आलं. आठवडाभरापूर्वी हे माझ्या मनात आलं नसतं, तेव्हा मी सरळ सावली शोधून झोपलो असतो.

दुपारी चारपर्यंत सात मुलाखती झाल्या. आठवा माणूस बांगड्या भरणारा कासार होता. त्याच्या दाराला कुलूप. शेजारी म्हणाले, नातीच्या बारशाला परळीला गेलाय, उद्या येईल. उद्या सोमवार. दुसरा कुणी मिळतो का म्हणून आम्ही तासभर फिरलो. गवंडी कामावर गेलेला, शिंप्याचं दुकान बंद. एकोणतीस झाल्या आणि एक राहिली.

देवळाच्या पायरीवर आम्ही बसलो. माझ्या डोक्यात आलं आणि या वेळी मला खरंच वाटलं की बरोबर आलंय. "मला विचार," मी म्हणालो. "मीही हातानंच काम करतो. मीही ह्याच जिल्ह्यातला. एक फॉर्म भर, झाले तीस."

ती नाही म्हणाली. मी म्हणालो, "का नाही? मी खोटं बोलणार नाही." ती म्हणाली, "तुम्ही ह्या तीन गावांतले नाही आणि तुम्ही माझे अब्बा आहात. मी सगळ्यांना सांगते की मी नियमानं मुलाखती घेतल्या. मग तो नियम शेवटच्या मुलाखतीला मोडायचा का?"

"आणि मॅडमनी पुढच्या वर्षी ये म्हटलं तर?"

"तर येईन."

तिनं फॉर्म पिशवीत भरले, कोरा फॉर्म सगळ्यात खाली ठेवला आणि गाडीकडं चालायला लागली. मी तिच्या मागं मागं. भीती वाटत होती आणि छाती फुगत होती, दोन्ही एकदम. एका कागदासाठी वर्ष पणाला लावणारी पोरगी माझी आहे, हे मला त्या रस्त्यावर कुणाला तरी थांबवून सांगावंसं वाटलं. रस्त्यात फक्त दोन म्हशी होत्या, म्हणून गप्प बसलो.

विद्यापीठ

सोमवारी पहाटेच्या एसटीनं मीही तिच्यासोबत गेलो. ती म्हणाली, गरज नाही. मी म्हणालो, शटर तसंही बंदच आहे. मॅडमच्या खोलीबाहेर एक बाकडं होतं, दार अर्धवट उघडं. मला आतलं सगळं ऐकू येत होतं.

मॅडमनी फॉर्म मोजले. "एक कमी आहे."

तहसीननं सगळं सांगितलं. आवाज खाली न आणता, कुठं काही न झाकता. उमापूरला माझ्या वडिलांनी लोकांना उत्तरं आधीच सांगून ठेवली होती, त्या दहा मुलाखती मी रद्द केल्या, त्याच माणसांच्या पुन्हा घेतल्या. रद्द केलेल्याही सोबत जोडल्या आहेत, कारण बाहेरच्या माणसासमोर काय बोललं तर शोभेल असं लोकांना वाटतं, ते त्यात दिसतं. त्यात एक दिवस गेला म्हणून धर्मापुरीची एक राहिली.

मॅडम वाचत राहिल्या. आत शांतता. आता मला या शांततेची सवय झाली होती. मग त्यांनी विचारलं, "वडील मेकॅनिक आहेत ना? मग तिसावी त्यांचीच का नाही घेतली?"

"ते माझे वडील आहेत, मॅडम. आणि शेवटच्या प्रश्नाला ते काय म्हणणार हे मला आधीच माहीत आहे."

मॅडम म्हणाल्या, "एकोणतीस चालतील. उमापूरचं वेगळं प्रकरण कर. सविस्तर लिही." मग कागदांवर शिक्का मारल्याचा आवाज आला. मी बाकड्यावरून उठलो आणि परत बसलो. तहसीन बाहेर आली तेव्हा मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. माझी चूक आता विद्यापीठाच्या कपाटात राहणार आहे, आणि सांगायला हरकत नाही, मला त्याचाही अभिमान वाटतो.

पण एक गोष्ट तेव्हापासून मला टोचते आहे. मी काय म्हणणार हे तहसीनला माहीत नाही. तिला वाटतं मी उमापूरच्या दहा जणांना जे पढवलं तेच स्वतःही म्हणालो असतो. तिनं विचारलं नाही, म्हणून इथं लिहितो आणि पहिला कागद तिलाच देतो.

तहसीन, माझं उत्तर 'नाही' असं आहे. माझ्या कामाची मला लाज नाही, त्यावरच हे घर उभं राहिलं. पण तू सहावीत असताना शाळा सुटली की गॅरेजवर यायचीस, रॉकेलच्या डब्यात चेन धुवायचीस, आणि कोणत्या नटाला कोणता पाना लागतो हे तुला कुणी न सांगता कळायचं. तुझा हात चांगला होता. ते मला पहिल्याच आठवड्यात दिसलं होतं. म्हणून मी रोज तुला सांगायचो की अम्मी बोलावतेय, घरी जा. अम्मीनं तुला एकदाही बोलावलं नव्हतं. तुला हे काम आवडून जाईल, याची मला भीती वाटायची.